हातचा एक

रात्री दोनला ओमदुर्मानमध्ये नेटवर्क येतं,
पाच-सात मिनिटं.
नैरोबीत तेव्हा तीन वाजलेले असतात
आणि उशाशी फोन थरथरतो:
तमादुरच्या वहीचं आणखी एक पान.

चौकडीची वही, अबू रौफमधल्या बंद शाळेतली.
एका बाजूला कुणा मुलाची चार आकडी बेरीज,
खाली तिचा लाल शेरा: हातचा विसरलास.
दुसऱ्या बाजूला त्याच लाल पेनाने
(निळं संपलं, आणि दुकानही)
नाव, वय, तारीख, कुठे पुरलं.
कुठे, या रकान्यात बहुतेकदा: अंगणात.
एकदा: कडुनिंबाखाली, पाण्याच्या रांजणापासून नऊ पावलं.
एकदा नुसतं: मला माहीत आहे.

माझं काम सोपं आहे.
पान मोठं करायचं, तिची अरबी अक्षरं लावायची,
एका नावाला दोन साक्षी शोधायच्या.
नाही मिळाल्या, तर तो माणूस
पिवळ्या रंगात थांबतो.
काहींना पिवळं होऊन चौदा महिने झाले.

बंदुकवाल्यांचे आकडे न्याहारीआधीच तयार असतात.
शून्यावर संपणारा आकडा दिसला
की आमचा ओटिएनो चष्मा वर करतो:
हा मोजलेला नाही, बोललेला आहे.

फेब्रुवारीत तमादुरची आई गेली.
गोळी नाही, तोफगोळा नाही.
वीज गेली, फ्रिज तापला, इन्सुलिन नासलं,
आणि नदीपलीकडचा दवाखाना
नदीपलीकडेच राहिला.
मी फॉर्म चाळला. युद्धात, अशी चौकट आहे.
युद्धामुळे, अशी नाही.
तिने लिहिलं: राहू दे मग,
तुझी ओळ कशाला खराब करू.

मार्चमध्ये मी एक ओळ खोडली.
हाशिम इद्रिस, एकोणीस, अंगणात.
हाशिम इद्रिस, एकोणीस, अंगणात.
तारीखही एकच. यंत्र म्हणालं, दुबार.
माझी सफाई चोख असते.
दोनशे चौदाचे दोनशे तेरा झाले
आणि अहवाल छापून गेला: किमान दोनशे तेरा.
किमान.
काय सभ्य शब्द आहे.
चपला काढून दारातच उभा राहतो,
आत किती माणसं आहेत ते विचारत नाही.

नऊ रात्रींनी तिचा आवाज आला, चाळीस सेकंद,
मागे अवेळी आरवणारा कोंबडा.
"वांगेची, ते दोघे होते गं.
मावसभाऊ. दोघी बहिणींना नवरे मिळाले ते दोन्ही इद्रिस,
लग्नात गल्लीभर हसलो होतो आम्ही.
आजोबांची नावं वेगळी,
पण तुमच्या रकान्यात तिसऱ्या नावाला जागा नव्हती.
एक अंगण, दोन खड्डे.
मी मधे उभी होते."

मी ओळ परत आणली. तक्त्यात पुन्हा दोनशे चौदा.
पण तोवर दोनशे तेरा गावभर हिंडून आला होता:
कुणी त्याला फुगवलेला म्हटलं, कुणी दाबलेला,
कुणी लोकसंख्येने भागून
नगण्य असं उत्तर काढलं.
सुटलेला आकडा हाक मारून परत येत नाही.

ती रागावली नाही. एवढंच विचारलं,
तुमच्याकडे मुलं हातचा कुठे लिहितात?
आमच्याकडे डोक्यावर, बारीक,
म्हणजे नंतर पुसता येतो.
मी लिहिलं, आमच्याकडेही.
तो निरोप पोचला की नाही, कळलं नाही.

त्याला आज सव्वीस रात्री झाल्या.
मी तीनला उठते, फोन उलटा करते, सुलटा करते.
तक्ता म्हणतो, नव्या नोंदी: शून्य.
आलेखाची रेघ जमिनीला टेकून सरळ चालली आहे.
सकाळच्या बैठकीत एका पाहुण्याने तिच्यावर बोट ठेवलं
आणि समाधानाने म्हणाला,
इथून पुढे शांतता दिसते.